दुपारी पाळणाघर रिकामं असतं

प्रिय भोंगाबाई,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ काढू नकोस. तुझ्या दारावरच्या पाटीप्रमाणे ‘माननीय नगरसेविका’ लिहायला गेले होते. पण जिच्याबरोबर एका बादलीत पोरांची दुपटी पिळली तिला माननीय म्हणताना मला हसू येतं, आणि सध्या मला हसायचं नाही. म्हणून जुनंच नाव. ते मीच ठेवलं होतं. पाळणाघरात कामाला लागलीस त्या पहिल्या दिवशी तू मला कुजबुजत विचारलंस, मोरी कुठे आहे, आणि ते शेजारच्या पोस्टातल्या रांगेला ऐकू गेलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खिडकीतून हात करून तुला मोरी दाखवली. तुला हळू बोलताच येत नसे. आता येतं, हे मला या महिन्यात कळलं. अगदी कुणाच्या कानाला पत्ता लागणार नाही इतक्या हळू बोलता येतं.

त्या सभेला मी मागच्या बाकावर बसले होते. तू मला पाहिलंस, मानेने ओळखही दिलीस. पाळणाघराची जागा काढून तिथे बॅडमिंटनचं बंदिस्त कोर्ट करायचा ठराव वाचून दाखवला गेला. तुम्ही सगळे मान डोलावत होतात. कारण काय, तर पाहणी झाली, तीन वेगवेगळ्या दिवशी माणसं जाऊन आली, तिन्ही वेळा दार बंद, आत दिवा नाही, आवाज नाही, ठोठावूनही कुणी उघडलं नाही. म्हणजे जागा वापरात नाही. मग तू उठलीस. म्हणालीस, या पाळणाघराशी माझं नातं आहे, माझी स्वतःची मुलगी तिथे वाढली, मला किती यातना होत आहेत ते माझं मला माहीत, पण पाहणीच्या पुढे मी तरी काय बोलणार. आणि रुमाल काढलास. अध्यक्षांनी तुझ्यासाठी पाणी मागवलं. मतदानाला तू तटस्थ राहिलीस. तुझ्या तटस्थ राहण्याने काही अडणार नव्हतंच, ठराव पास झाला.

आणि मी काय केलं ठाऊक आहे ना? मी जिन्यात तुला गाठलं आणि तुझीच समजूत काढली. जाऊ दे गं, तू एकटी काय करणार, असं मी तुला म्हटलं. तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस, तुझ्या केसांच्या तेलाचा डाग अजून त्या कपड्यावर आहे. केसाने गळा कापणं म्हणतात ते ऐकून माहीत होतं. आपलाच गळा असताना कापणारीचे केस कुरवाळायचे, हे मला नवीन होतं.

मंगळवारी मोजमाप घ्यायला तुमचा ज्युनिअर इंजिनिअर आला. पोरगा साधा आहे, बूट दारात काढून आला, आमच्या एका चिमुरडीने त्याच्या टेपचं दुसरं टोक धरलं तर तिला धरू दिलं. मी चहा दिला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही लोक पाहणीला आलात ते नेमके पोरांच्या झोपेच्या वेळी कसे हो आलात, तिन्ही वेळा? तो म्हणाला, तिन्ही वेळा मीच आलो होतो. मॅडमनीच सांगितलं होतं, जेवणं झाल्यावर जा, दुपारी पाळणाघर रिकामं असतं. मी विचारलं, कोण मॅडम? त्याने तुझं नाव घेतलं. त्याला वाटलं मला ठाऊक असेल, आपल्या दोघींचं मेतकूट सगळ्या ऑफिसला माहीत आहे.

दुपारी पाळणाघर रिकामं असतं! हे वाक्य तुझ्या तोंडून निघालं कसं, ते मला समजून घ्यायचं आहे. दुपारची झोप ही तुझीच करणी. तू येण्याआधी आमच्याकडे पोरं जिथे डोळा लागेल तिथे झोपत आणि जो येईल तो त्यांना उठवून ठेवी. तू तान्ही लेक घेऊन आलीस. ती इतकी सावध झोपेची की कुणी शिंकलं तरी टाहो फोडायची. मग तू सगळे नियम केलेस. जाड निळे पडदे तू शिवलेस. जेवण झालं की पुढच्या दाराला आतून कडी. घंटीची तार काढून ठेवायची. बाहेरच्या फळीवरचे चिमुकले बूट टबात घालून आत आणायचे, कारण कुत्री ते पळवत आणि मग आई येऊन दारात भांडत. दारावर कुणीही आलं, अगदी कुणीही, तरी झोपेत उघडायचं नाही. ज्याला काम आहे त्याला मागच्या बाजूचं स्वयंपाकघराचं दार माहीत आहे, आणि ज्याला माहीत नाही त्याचं काम थांबू शकतं. हे सगळं तू मला शिकवलंस. मला तर ते तेव्हा फाजील वाटलं होतं. पुढे तू निवडणुकीला उभी राहिलीस, निघून गेलीस, आणि मी तुझे नियम देवाच्या शपथेसारखे पाळत राहिले.

म्हणून तर मी उघडलं नाही. भोंगाबाई, मी ते ठोठावणं ऐकलं होतं! तिन्ही वेळा ऐकलं. पहिल्या वेळी तर मी दारापासून हाताच्या अंतरावर बसले होते, मांडीवर बेकरीत काम करणारीचा नवा पोरगा होता, तीन दिवस रडून रडून तो पहिल्यांदा डोळे मिटत होता, आणि मी त्याला थोपटत होते. बाहेर कुणीतरी ठोठावलं. मला वाटलं विक्रेता असेल. मी थोपटायचा हात जरा भरभर चालवला, की पोर दचकू नये. पलीकडे तो इंजिनिअर दिवा नाही, आवाज नाही असं टिपून घेत होता. अख्खी खोली पोरांनी भरलेली होती. एकही जागं नव्हतं. ती शांत झोपली होती म्हणून त्यांची जागा गेली. नीट सांभाळल्याची शिक्षा झाली आम्हाला, आणि ती कशी द्यायची हे जगात एकाच बाईला माहीत होतं.

तू म्हणशील, तरुण पोरांना खेळायला जागा नको का, ती कोपऱ्यावर उभी राहून बिघडतात. हवी ना! मी कधी नको म्हटलं? त्यातली निम्मी माझ्याच गाद्यांवर शी-शू करून मोठी झाली आहेत. मी तुझ्या ऑफिसात येऊन सांगितलं होतं की संध्याकाळी सहाला शेवटचं पोर घरी जातं, त्यानंतर गाद्या भिंतीला लावते, लावा जाळी आणि खेळा पहाटेपर्यंत. तू म्हणालीस, लाकडी फरशी बसवायची आहे, त्यावर दूध सांडून कसं चालेल. बरं, मग पाण्याच्या टाकीमागचं जुनं गोदाम घ्या, ते खरंच रिकामं आहे, सकाळी जा नाहीतर दुपारी जा. तर म्हणे तिथे गाड्या लावायला जागा नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांकडे कुठल्या आल्यात गाड्या? बॅडमिंटन क्लबवाल्यांना तू निवडणुकीआधी शब्द देऊन बसली होतीस, आणि तो पाळायला तुला अशी जागा हवी होती जिथले लोक अजून रांगतात, मत द्यायला येत नाहीत.

सरळ सांगितलं असतंस तर मी भांडले असते, आकाशपाताळ एक केलं असतं, तुझ्या घरासमोर पोरं घेऊन बसले असते. पण तुझा असा तिटकारा आला नसता. तुला पाळणाघर नको आहे असं तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. तुला कोर्टही हवं होतं आणि पाळणाघराची कैवारी म्हणून मिरवायचंही होतं. दोन्ही डगरींवर हात. बेकरीवाली काल मला म्हणाली, बाई, महिनाअखेरीला मी काम सोडते, सासूला दिसत नाही, तिच्याजवळ पोर ठेवलं तर ते भट्टीत जाईल नाहीतर विहिरीत. ती रडलीसुद्धा नाही. कपडे घडी करता करता सांगून गेली. तिच्याकडे रुमाल काढायला वेळ नव्हता.

आता तुझ्या लेकीचं. ती गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. तिची रजा संपते आहे, प्रयोगशाळेत परत रुजू व्हायचं आहे, बाळाला ठेवायचं म्हणून पाळणाघरात आली तर दारावर बंद होण्याची नोटीस. नोटीस पाहून हसली. म्हणाली, मावशी, काळजी करू नकोस, आईला सांगते, ती एका दिवसात हे थांबवेल. तेव्हा मलाही खरं ठाऊक नव्हतं, तुझ्याबद्दल मला वाईटच वाटत होतं. बाळ तिच्यावर गेलं आहे, कडी वाजली तर दचकलं. काल ती परत आली. सांगत होती, आईला विचारलं तर ती ढसाढसा रडली, सभेत एकटी सगळ्यांशी भांडली म्हणे, तिचं कुणी ऐकलं नाही. तिला तुझा केवढा अभिमान वाटत होता! आणि मी मंगळवारपासून सगळं माहीत असलेली बाई, तिच्या बाळाला मांडीवर घेऊन मान हलवत बसले. तुझ्यामुळे मला माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीसमोर खोटं वागावं लागलं. बाकीचं एक वेळ मी गिळेन, हे गिळणार नाही.

सोमवारी मुख्याधिकाऱ्यांपुढे हरकतींची सुनावणी आहे, ते तुला माहीत आहे. हरकत घेणारी म्हणून मी बोलणार आहे. इंजिनिअर पोराशी मी बोलले, तो घाबरला, पण विचारलं तर खोटं सांगणार नाही म्हणाला. मुख्याधिकारी विचारतील, पाहणीची वेळ कुणी ठरवली, आणि तो सांगेल. तो नाही बोलला तर मी सांगेन. पडदे कुणी शिवले, कडीचा नियम कुणाचा, सगळं सांगेन. पाळणाघर वाचेल का ते माहीत नाही, पण तुझा रुमाल नक्की खिशात जाईल. यात तुला धमकी वाटत असेल तर वाटू दे. मात्र त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तुला न कळवता मी सोमवारी बोलले असते आणि मला चांगली झोप लागली असती. पण काल जाता जाता तुझी लेक म्हणाली, मावशी, मीपण हरकत घेतली आहे, मीपण बोलणार. तुझ्या आधी माझा नंबर आहे. ती बाळाला कडेवर घेऊन भरल्या दालनात उभी राहणार आहे आणि सांगणार आहे की माझी आई या पाळणाघरासाठी एकटी लढली. ती खाली बसेल, आणि मग मी उठेन. तुझं काय व्हायचं ते होवो, पण ते वाक्य बोलून झाल्यावर त्या पोरीने सगळ्यांदेखत माझं बोलणं ऐकावं, हे मला बघवणार नाही. तुझ्याकडे शनिवार आहे आणि रविवार आहे. तिला समोर बसव आणि तू स्वतः सांग. तिने सोमवारी बोलावं की घरी राहावं, ते तिचं तिला ठरवू दे. तू सांगितलं नाहीस तरी मी माझं बोलणं बदलणार नाही.

तुझ्या लेकीचीच,
मावशी