गाण्यातली 'ती' कोण, हे मी सांगून बसलो

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा बसल्या जागेवरून नमस्कार (उठायचं त्राण नाही, कारण पुढे येईलच). पाठ कशी आहे? रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीस ना? आजची राहिली असेल तर आधी घे आणि मगच पुढचं वाच. वहिनी आमच्याकडे आहेत आणि तब्येतीने ठणठणीत आहेत. त्या तुझा फोन का उचलत नाहीत, हे कळवणं माझ्याकडे आलं आहे, आणि ते तोंडी सांगायची माझी छाती नाही.

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात 'गाणं आणि गुजराण' नावाची व्याख्यानं होतात. दर खेपेला एक संगीतकार येतो, गाणी कशी सुचतात ते सांगतो आणि गाण्यावर पोट भरतं का, या प्रश्नाला बगल देतो. मागच्या खेपेला एक ड्रमवाला आला होता. त्याने 'आवड जपा' हे इतक्या कळवळ्याने सांगितलं, की श्रोत्यांतल्या एका दंतवैद्याने दवाखाना अर्धवेळ करून टाकला (माझी दाढ तेव्हापासून ठणकते आहे). या खेपेला मला बोलावलं. माझं उभ्या आयुष्यात एकच गाणं चाललं, ते तुला माहीतच आहे: 'जागा तुझी रिकामी, डाग तेवढा उरला.' त्यावर लोक प्रेमात पडले, प्रेमातून उठले, एका समीक्षकाने तर तो डाग काळजावरचा आहे असं छापूनही आणलं. मी वहिनींना अगत्याने बोलावलं. त्या ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन तिसऱ्या रांगेत बसल्या.

सुरुवात झकास झाली. एका वडिलांनी विचारलं, मुलगी संगीतात करिअर करायचं म्हणते, करू द्यावं का? मी खरं सांगितलं, की माझं घर गाण्यांवर नाही, शाळांमध्ये पेटी शिकवण्यावर आणि कंपन्यांच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागे वाजणाऱ्या सुरावटींवर चालतं. त्यावर कडाडून टाळ्या पडल्या. दादा, खरं बोललं की टाळ्या पडतात हे मला या वयात पहिल्यांदा कळलं, आणि तिथेच चटक लागली.

मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला: गाण्यातली 'ती' कोण? इतकी वर्षं मी यावर नुसतं मंद हसत आलो. त्या दिवशी सांगून टाकलं. म्हटलं, ती माझ्या भावाची स्कूटर. चोरीला गेली तेव्हा दादा पायरीवर बसून रडत होता, 'जागा रिकामी आहे रे, तेलाचा डाग तेवढा उरलाय' म्हणत होता. मी चाल लावली.

मला वाटलं, हशा पिकेल. पण पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने दंडावर ती ओळ गोंदवून घेतली होती. त्याने बाही हळूच खाली ओढली. आणि तिसऱ्या रांगेत वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी माइक मागून घेतला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते गाणं माझ्यासाठी लिहून घेतलं, असं तुमच्या भावाने मला सांगितलं होतं. मी भांडून माहेरी गेले होते. ते ऐकून परत आले."

दादा, तू हे वहिनींना सांगितलंस, आणि मला नाही? निदान डोळ्यांनी तरी खुणावायचं होतंस कधी. शेजारच्या मैत्रिणींना त्या मघाशीच अभिमानाने सांगून चुकल्या होत्या, की गाण्यातली ती मीच. त्या मैत्रिणी आता पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मुलाखत तिथेच संपली. आभार कोणी मानले, मानले की नाही, मला आठवत नाही. वहिनी आमच्याबरोबर टॅक्सीत बसल्या आणि थेट आमच्या घरी आल्या.

बोलल्या त्या दुसऱ्या दिवशी. गाणं लावून त्या एकेक ओळ तपासतात. "'तुझ्या आवाजाने गल्ली जागी', भावजी, मी कधी मोठ्याने बोलते का?" (याचं खरं उत्तर मी दिलं नाही. हौस फिटली.) "'थोडी कललीस माझ्याकडे, तेव्हाच बोललीस', हे तरी माणसाचं वाटलं होतं मला." आमची ही तर आता माझ्या न चाललेल्या गाण्यांचीही चौकशी करते आहे. तिच्यावरचं म्हणून सांगितलेलं गाणं कुकरच्या शिट्टीवर सुचलं होतं. कपाळाला हात लावून बसलो आहे.

जिभेला आता कुलूप घातलेला,
तुझा धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. वहिनी म्हणतात, न्यायला यायचं तर दोन ओळी घेऊन या. स्वतःच्या. धाकट्याकडून लिहून आणलेल्या चालणार नाहीत, चालही नको. दादा, मला मदत मागू नकोस, मी नाही म्हणू शकणार नाही.

ता. क. दुसरा. आत्ता चहा देताना वहिनी म्हणाल्या, की स्कूटरचं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आवाज, कलणं, तेल, न कळायला त्या काय खुळ्या आहेत? पण स्कूटरसाठी इतका रडणारा माणूस अगदीच दगड नसणार, असं वाटलं, म्हणून परत आल्या. तू स्वतः कधीतरी कबूल करशील, म्हणून वाट बघत होत्या; कबुली आली ती माझ्या तोंडून, भर सभेत, राग त्याचा आहे. हे तुला मुळीच कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. तेव्हा ओळी लिहिताना हे तुला माहीत नाही, असं धरून लिही.