यी-रोंग टीव्हीवर

३ मे, शुक्रवार

नाही जमलं. लॅपटॉप म्हणतो जोडलं, टीव्ही म्हणतो सिग्नल नाही. दोघांपैकी एक नक्की खोटं बोलतोय!

गुरुवारी दुपारी दोनला माझी लेक यी-रोंग उतरणार — ताश्कंदला, आशियाई वेटलिफ्टिंगमध्ये. इथलं एकही चॅनल दाखवत नाहीये, फक्त इंटरनेटवर आहे. लॅपटॉपवर सासूबाईंना नुसतं धुकं दिसतं. टीव्हीसमोर हातभर अंतरावर स्टूल टाकून बसल्या तर माणसं ओळखतात. शहाऐंशी वय. काल जेवताना म्हणाल्या, "बारा वर्षांची होती, त्या सराव केंद्रात नेली पोरीला. चौदा वर्षं झाली. नात काय उचलते ते एकदा दिसू दे मला."

त्यांना कसं सांगू, मी तरी कुठे पाहिलंय? दर वेळी मासळी बाजारात रेंगाळते, निकाल कळला की मगच घरी. बघवतच नाही. पण या वेळी त्यांच्या शेजारी बसावंच लागणार.

४ मे

नवऱ्याला, कुन-शेंगला म्हटलं, बघ ना जरा. म्हणाला, ट्यूनाच्या बोटीचं इंजिन असेल तर सांग. गेला झोपायला.

५ मे, रविवार

आलं! चित्र आलं — पण दुसऱ्याच्या घरी!

लॅपटॉपवर टीव्हींची यादी आली. दोन नावं होती, मी वरचं दाबलं. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या श्यो बाई धापा टाकत दारात. त्यांची मालिका गायब आणि पडद्यावर माझ्या गुडघ्याचा एक्स-रे! मी मेल उघडून बसले होते ना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्यापेक्षा बरा आहे गुडघा," म्हणाल्या, आणि चहा घेऊनच गेल्या.

मग खालचं नाव दाबलं. आमचाच टीव्ही!! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

७ मे

तालीम. देवळाच्या जत्रेचा व्हिडिओ लावला, सासूबाईंनी ढोलवाल्याला नावानिशी ओळखलं. मग चित्र अडकायला लागलं. वायफायचा डबा टीव्हीजवळ, देवाच्या फळीवर ठेवला — गाडी सुरळीत. सासूबाईंनी त्यालाही उदबत्ती दाखवली.

९ मे, गुरुवार



दीड वाजल्यापासून तिघंही टीव्हीसमोर. कुन-शेंग बोटीवर गेलाच नाही. यी-रोंग आली — केवढी दिसली! सासूबाईंनी पडद्यावर हात ठेवला. "खांदे माझ्या बापाचे आहेत," म्हणाल्या.

श्यो बाई खाली मोबाईलवर बघत होत्या, आणि त्यांचं चित्र आमच्यापेक्षा काही सेकंद पुढे! काही होण्याआधीच खालून आवाज. दुसऱ्या प्रयत्नाच्या आधी खालून "अरेरे" आलं. मग आमच्यासमोर बार पडला. मी उठलेच होते, कुन-शेंगने मनगट धरून बसवलं.

शेवटचा प्रयत्न. एकशे सव्वीस किलो. ती बारसमोर उभी, खडू लावलेले हात मांड्यांवर. आणि खालून आरोळी — पूर्ण इमारत हादरेल अशी. बार अजून जमिनीवरच होता, आणि मला कळून चुकलं होतं की तो वर जाणार! चौदा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, तेही डोळे न मिटता. वर गेला. राहिला. तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांची पसंती.

तिसरी आली. आशियात तिसरी!

मग ती खाली बसली, बुटांचे बंद सोडले, दोन्ही बूट मंचाच्या मधोमध नीट ठेवले आणि मोज्यांवरच निघून गेली. "विसरली बघ," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून अशीच." आम्ही हसून हसून बेजार. श्यो बाई शेंगदाण्याचं गोड सूप घेऊन वर आल्या. घर नुसतं भरून गेलं.

१० मे

सकाळी यी-रोंगचा फोन आला. मी बुटांवरून चिडवलं. मग म्हणाली, "विसरले नाही, आई. मुद्दाम ठेवले, खेळ सोडताना ठेवतात तसे. मला आता काहीच उचलायचं नाहीये."

"नको उचलूस," म्हटलं. "ये."