महालक्ष्म्यांच्या गोळ्या

भाद्रपद शु. ८, रवि.
महालक्ष्म्या जेवल्या. पुरण, आंबील, सोळा भाज्या. मनूनं माझ्याबरोबरीनं सोवळ्यात केलं. श्रावणापासून दर सणाला तिला पाळी लांबवायची गोळी देते. एकुलती लेक, ती बाजूला बसली तर मला एकटीला रेटत नाही. पुरण मात्र तिनं चाखलंसुद्धा नाही. "पोलीस भरतीचं ग्राउंड आलंय, आई. वजन वाढतंय."

शु. ११, बुध.
परभणीला कॉलेजात मॅडमच्या संशोधनासाठी पोरींची तपासणी. थोडाच वेळ, पण जीव तोडून सायकल मारायची. आधी रक्त, नंतर रक्त. पळणाऱ्या पोरी वेगळ्या, घरात बसणाऱ्या वेगळ्या. कुणाच्या अंगातले हार्मोन कसे वरखाली होतात ते बघणार. मनू सांगत होती, "एक घरबशी तर सायकलीवरच ओकली. मी उतरून चहा मागितला!" लय दिवसांनी हसली. मॅडमनी विचारलं, कुठली गोळी चालू आहे का? न्हाई म्हणाली. मीच बजावलं होतं, असलं चारचौघांत बोलू नये. एकादशी. तिनं नुसते शेंगदाणे खाल्ले.

वद्य ४, गुरु.
मॅडमचा फोन. मनूचं रक्त इतरांशी जुळेना. खोदून विचारलं तेव्हा मनूनं गोळीचं सांगितलं. तिला तपासणीतून काढलं. ते जाऊ दे. पण "शेवटची पाळी कधी आली?" याला पोरीला उत्तर देता येईना.
फोन ठेवल्यावर मी विचारलं.
"उन्हाळ्यापासून न्हाई. तू गोळी द्यायलीस, मी घ्यायले. न्हाई घेतली तर पाळी येतच न्हाई हे तुला कळलं असतं. मला बरंच वाटायलं, पळायला कटकट न्हाई."
बरं तर मलाही वाटत होतं. देवाचं काही अडत नव्हतं.

वद्य ८, सोम.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांनी एवढं होत नाही. पळणं जास्त, खाणं कमी, वर उपास. अंगाला वाटतं दुष्काळ पडला. पुढं हाडं ठिसूळ होतील. पोटभर खा, पळणं काही महिने बंद."
पिंगळीला घरी आल्यावर मनू फुटली. "औंदाचं ग्राउंड गेलं तर वय निघून जातंय माझं."
हे म्हणाले, "वर्दी राहू दे. पोरगी नीट पाहिजे."
"लग्नासाठी नीट, का दादा?"
हे पानावरून उठले.

आश्विन शु. १, मंगळ.
घट बसले. मनूला म्हटलं, तुझाही उपास मीच धरते, तू जेव.
"देवी चिडली तर?"
"माझ्यावर चिडंल."
भाकरी खाल्ली, दूध प्याली, अन् बूट घालून ग्राउंडला गेली. अडवलं न्हाई. अडवायला पाहिजे होतं का न्हाई?
घटापुढं बसले. नवरात्रात विटाळ नको म्हणून जन्मभर हात जोडले. आज म्हटलं, आई, ह्या नऊ दिवसांतच पाळी येऊ दे तिला. घटाशेजारी आली तरी येऊ दे.