धूर, वाफ आणि रताळी

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना मान्य करतो की अजून हुज्जत घालतो, ते कळव. माझी प्रकृती उत्तम. उजव्या हाताची दोन बोटे किंचित भाजली आहेत, परंतु त्याने लेखनास बाध आलेला नाही हे अक्षरावरून तूच ताडशील.

लेक दर रविवारी जावई आणि नातीसह चार डबे घेऊन येते हे तू जाणतेस. गेल्या महिन्यात तिने डब्यांसोबत एक युक्तिवादही आणला : ज्याला स्वयंपाक येत नाही त्याने एकटे राहू नये, बाबांना स्वयंपाक येत नाही, सबब बाबांनी आमच्याकडे राहायला यावे. रचना निर्दोष होती (शिकवली मीच). तेव्हा दुसऱ्या विधानावरच घाव घालणे भाग होते. मी जाहीर केले की येत्या रविवारी सर्वांना रताळ्याचे फ्राइज मी स्वतः करून घालीन, आणि ते संपले तर घर सोडण्याचा विषयही संपेल.

रताळी सोलून, फूटपट्टी लावून, सेंटिमीटरभर जाडीच्या काड्या कापल्या आणि अर्धा तास पाण्यात ठेवल्या. त्या पुसून कोरड्या कराव्यात असे तू फोनवर बजावले होतेस, पण कारण न दिल्याने मी ते ग्राह्य धरले नाही. थोड्याच वेळात ओव्हनमधून पांढरे लोट निघाले. जिथे धूर तिथे अग्नी, हे पस्तीस वर्षे तर्कशास्त्राच्या वर्गात सांगत आलेला माणूस मी. बटण बंद करून तांब्याभर पाणी ओतले. ती वाफ होती. (वाफेला धूर समजू नये, हे आमच्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात.) ट्रेमध्ये लगदा उरला. दुसऱ्या खेपेस पुन्हा लोट आले, तेव्हा अनुभवाने शहाणा झालेला मी खुर्चीतून हललो नाही. एवढ्यात मंडळी आली.

"आजोबा, धूर येतोय," नात म्हणाली.

"वाफ आहे."

"काळी?"

लेक एकेक खिडकी उघडत गेली. तिसऱ्या खेपेस मात्र काड्या पंच्याने पुसल्या, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवल्या, तेल चोळले आणि परीक्षेला मुले बसवावीत तशा एकमेकींपासून दूर मांडल्या. पंचवीस मिनिटे काचेसमोर स्टूल टाकून पहारा केला. ताई, कडा तांबूस, आत लोण्यासारखे मऊ, आणि नातीने चावताच झालेला कुर्र आवाज जावयाला पलीकडच्या खोलीत ऐकू गेला. ताटलीत मीठसुद्धा उरले नाही. लेक म्हणाली, "हरले, बाबा." इतका निर्भेळ विजय मला कोणत्याही सभेत मिळाला नव्हता. 'तुझ्या हातून पाणीसुद्धा करपेल' हे आपले जुने विधान आपण लेखी मागे घ्यावे, ही विनंती.

तुझा स्वावलंबी,
धाकटा

ता. क. जाताना लेक चारही रिकामे डबे घेऊन गेली. म्हणाली, "तुम्हाला जमतंय की सगळं. मग दर रविवारची धावपळ कशाला? महिन्यातून एकदा येऊ." अनुमान बिनतोड आहे.

आणखी एक. तू तिला आपणहून फोन करून पटवून द्यावेस की एका ट्रेवरून नियम सिद्ध होत नाही. आधीचे दोन ट्रे पुरावा म्हणून मी जपून ठेवले आहेत. माझे नाव घेऊ नये. डब्यांचे मला विशेष नाही. पण नातीने पुढच्या रविवारी स्वतःची फूटपट्टी आणायचे कबूल केले होते, आणि रताळी मी आणून ठेवली आहेत.