दोन्ही हात बटणांवर

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. मनाला वळण लागतं म्हणे. कारखान्यात पत्रा दाबायच्या आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबून धरल्याशिवाय मशीन खाली येत नाही. नेमका तेव्हाच फोरमन मागून येतो आणि ढुंगणाला चिमटा काढतो. चेष्टा असते. सगळे हसतात. मी सगळ्यांत मोठ्यानं हसतो. पुरुषाची कातडी जाड पाहिजे.

बुधवार, ५ मार्च
शेजारच्या प्रेसवरच्या ताईंनी कंपनीच्या तक्रार समितीकडे फोरमनविरुद्ध तक्रार दिली. त्यांनाही तो तसंच करतो. बाईमाणसाशी असं वागणं वाईटच, मी पुढारलेल्या विचारांचा आहे. पण एवढा बाऊ कशाला? माझं बघा.
ता. क. माझं कोणी बघू नये.

गुरुवार, ६ मार्च
ताईंनी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय. जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, दादा, तुम्ही पाहिलंत तेवढंच सांगा. माझ्याबद्दलही सांगून बसल्या तर? डिपार्टमेंटमध्ये तोंड दाखवायची सोय नाही.
संकल्प : वाघासारखं जायचं. खरं बोलायचं.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी
आरशासमोर सराव. आवाज भारदस्त. बायकोनं विचारलं, कोणाशी भांडताय? म्हटलं, अन्यायाशी. ती म्हणाली, आधी आंघोळ उरका.

त्याच दिवशी, संध्याकाळी
समितीच्या मॅडमनी विचारलं, फोरमन ताईंच्या मागे येऊन उभा राहायचा का? म्हटलं, मशीनच्या आवाजात काही दिसत नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. खोटं असं काही बोललो नाही. घाबरलो तर मुळीच नव्हतो. एसी फार होता, म्हणून सही करून लगेच बाहेर आलो.

बुधवार, १२ मार्च
पुराव्याअभावी तक्रार निकाली. ताईंची बदली पॅकिंगला, तीही कायमची रात्रपाळी. फोरमननं मला चहा पाजला. अर्धा कप तसाच ठेवला. पावडर हलकी असेल.

शनिवार, १५ मार्च
ताईंनी नोकरी सोडली. गेटवर समोरासमोर आलो. त्यांनी काही विचारायच्या आतच मी खुलासा करायला लागलो, की तुम्ही माझंही सगळं सांगितलं असणार, मग मी पुरुषासारखा पुरुष तिथं काय बोलणार. त्या म्हणाल्या, समितीनं विचारलं होतं, आणखी कोणाला त्रास होतो का. मी नाही म्हटलं, दादा. तुमचं तुम्ही सांगायचं की नाही ते तुमच्यावर.
मी म्हटलं, बरं.
त्या रिक्षात बसून गेल्या.
लाज वाटते. फार लाज वाटते.
मलाही त्रास होतो, असं एक वाक्य आत्ता लिहिलं. मग दाराला कडी लावलीय ना, ते उठून बघून आलो.