जिवंत माणसाला श्रद्धांजली

२ नोव्हेंबर, रविवार
आज सत्यमला शून्य दिलं. दहापैकी शून्य — सख्ख्या भावाला!

बेगडेवाडी स्टेशनजवळ चंपामावशीच्या चहाच्या टपरीवर दर रविवारी आमचं कोर्ट भरतं. मी, मावशी आणि हौशीराम आबा. पुढाऱ्यांनी आठवडाभर फेसबुकवर काय अकलेचे तारे तोडले ते वाचायचं आणि नीतीचे मार्क द्यायचे. खरं आहे का? समोर उभं राहून म्हणाल का? नियम आबांचाच — "आपला-परका बघायचा न्हाई. मार्क म्हंजी मार्क!"

सत्यम यंदा सरपंचपदाला उभा आहे. परवा आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांचा भाचा अँब्युलन्स चालवतो, रिकामीच होती म्हणून त्यातूनच घरी सोडलं. गल्लीत अँब्युलन्स दिसली मात्र — आमच्या बंधुराजांनी विरोधकाच्या आधी पोस्ट टाकलीसुद्धा! 'भावपूर्ण श्रद्धांजली. गावाचा आधारवड हरपला. सरपंच व्हायची खरी योग्यता आबांचीच होती.' सोबत हात जोडलेला स्वतःचा फोटो, आबांच्या फोटोपेक्षा मोठा.

आणि आबा काळा चष्मा लावून टपरीवर हजर! "वाच की परत, लय भारी लिव्हलंय." हसून हसून माझा चहा सांडला.

३ नोव्हेंबर
सत्यमचा फोन. "ताई, घरच्या माणसाला तरी चार दे की! पोरं हसत्यात मला." नाही म्हटलं. कट केला त्याने. रडू आलं. ह्याला कडेवर घेऊन मी शेजारपाजारी मिरवलंय.

५ नोव्हेंबर
अबोला. दोन फोन केले, उचलत नाही.

८ नोव्हेंबर
सत्यम पोस्ट काढून टाकणार होता. आबा स्वतः त्याच्या घरी जाऊन धडकले! "श्रद्धांजली तेवडी काड. बाकीचं खोटं व्हतं का रं?" संध्याकाळी सत्यमची नवी पोस्ट — 'आबा ठणठणीत आहेत. चूक माझी. बाकी शब्द न् शब्द खरा.'
शहाणा आहे हो माझा भाऊ! पण मला फोन नाही तो नाहीच.

९ नोव्हेंबर, रविवार
सत्यमला सहा. आबा म्हणाले, "शब्द न् शब्द खरा हाय, तर मीच हुबा ऱ्हातो." तीनदा पडलेत आबा ह्याच निवडणुकीत! मावशी फिस्सकन हसली. "एक डोळा नीट उघडला न्हाई, तर लागला खुर्चीवर!"
आम्हाला वाटलं, थट्टा.

१२ नोव्हेंबर
थट्टा नव्हती. आबांनी अर्ज भरला. बॅनरवर सत्यमचीच पोस्ट छापली आहे! श्रद्धांजली वगळून.

१५ नोव्हेंबर
सत्यमने अर्ज मागे घेतला!! आई चिडली आहे. तो मावशीला म्हणाला म्हणे, "मीच लिव्हलंय ना? आता आबांच्या विरोधात कुठल्या तोंडानं मत मागू?" ऊर भरून आला. मनातल्या मनात दहा दिले. हे त्याला कधी सांगू? फोन उचलेल तर ना.

१६ नोव्हेंबर, रविवार
उमेदवार आबांची पहिली पोस्ट — 'मला खुर्चीचा मोह कधीच नव्हता.'
वाचतेय तोच सत्यमचा फोन! हसू आवरत नव्हतं त्याला. "ताई, किती?"
समोर आबा, हातात बशी. "अनिते, आपल्या माणसाला तरी चार..."
शून्य.