परातभर भडंग

आई, तू मला चोर म्हणायचीस. घरातल्या घरात नाही, चारचौघांत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याबद्दल बोलायची वेळ आली की माझ्या तोंडात आधी तोच शब्द येतो. लोक आपल्या मेलेल्या आयांविषयी किती गोड लिहितात. मला ते जमत नाही आणि जमावं असंही आता वाटत नाही.

मला विट्याकडच्या त्या स्थळानं नाकारलं तिथून हे सुरू झालं. गलाईवाले लोक, लांबच्या कुठल्याशा शहरात सोनं गाळायचं दुकान. मुलगी तब्येतीनं जास्त आहे, एवढाच निरोप आला. तू त्या दिवशी माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटातली भाकरी उचललीस. भात बंद, दूध बंद, शेंगदाण्याचा लाडू तर बघायचासुद्धा नाही. म्हणालीस, "आजपास्नं तू चुरमुरंच खायाचं. चुरमुरं म्हंजे निस्ता वारा. पोट भरतंय आन् अंगाला काय लागत न्हाई."

कोरडे चुरमुरे माझ्या घशाखाली उतरेनात, म्हणून तू भडंग करायला लागलीस. सांगलीच्या घरात भडंग म्हणजे काही मोठं काम नव्हे. कढईत तेल तापतंय, त्यात शेंगदाणे तडतडतायत, ठेचलेला लसूण लाल होतोय, कढीपत्ता, तिखट, हळद, आणि ते सगळं तेल तू परातीतल्या चुरमुऱ्यांवर ओततेस. वरून मेतकूट आणि पिठीसाखर. दोन्ही हातांनी खालवर करतेस, तुझ्या बांगड्या परातीला घासतात. मग ती परातच माझ्यापुढे सरकवतेस. "खा. वाराच हाय त्यो." मी खायचे. उपाशी होते, वीस वर्षांची होते, आणि ते फार चविष्ट असायचं. दुपारी भडंग, संध्याकाळी भडंग. तू समोर बसून मला खाताना बघायचीस आणि समाधानानं मान हलवायचीस. एवढ्या मायेनं तू मला दुसरं काही कधी वाढलेलं आठवत नाही.

आणि मग गिरणी. पिठाच्या गिरणीत पोती मोजायचा मोठा काटा होता, त्यावर तू मला महिन्याभरानं पुन्हा उभं केलंस. बायका दळण घेऊन रांगेत बसलेल्या. गिरणीवाल्यानं काट्याकडे पाहिलं आणि दात काढले. "काकी, पोतं मागच्या खेपंपेक्षा भरलंय की ओ." बायका हसल्या. तू हसली नाहीस. माझ्या दंडाला धरून मला खाली ओढलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "चोरून खातीया ही. पोरगी न्हवं, चोर हाय चोर." मी म्हटलं, "आई, शपथ, मी काही खाल्लं नाही." तू म्हणालीस, "मग काय वाऱ्यानं फुगलीस व्हय?"

त्या दिवसापासून फडताळाला कुलूप लागलं. मला साताऱ्याला मावशीकडे घेऊन गेलीस, तिथलं स्थळ बघायला, तेव्हा मावशीला माझ्यासमोर सांगितलंस, "पेढ्यांचा डबा वर ठेव गं, हिचा हात लागतोय." मावशीनं स्टुलावर चढून डबा कपाटावर ठेवला. मी ते स्टूल धरून उभी होते. आणि लग्नात, मी निघताना, सगळ्या आया रडतात तेव्हा तू माझ्या सासूबाईंच्या कानाशी लागून काय म्हणालीस ते मी ऐकलं. "खाण्यावर जरा लक्ष ठेवा." साताऱ्यात मी संसार केला तो असा, मागून कुणीतरी बघतंय असं धरून. सासूबाई वाईट नव्हत्या. पण चिवड्याचा डबा त्या स्वतःच्या खोलीत ठेवायच्या, शेवटपर्यंत.

आता माझे गुडघे दुखतात, रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आली आहे. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. रोज किती कॅलरी खायच्या ते तिनं ठरवून दिलं आणि विचारलं, "ताई, वडापाव, वेफर्स, फरसाण, असं एक काय आहे जे तुम्हाला सुटणार नाही? ते आपण आतच बसवू. बंद केलं की माणूस आठवडाभर टिकतो आणि मग सगळं एकदम खातो." मी म्हटलं, "भडंग. पण ते काय, हलकंच असतं." ती हसली. वाईट नाही हसली. "हलकं? ताई, कोरडे चुरमुरे हलके. भडंग कसं करता सांगा."

मी सांगितलं. तुझं माप सांगितलं, तेल, दाणे, साखर, सगळं. ती फोनवर बोटं चालवत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. म्हणाली, "हे परातभर एकट्या माणसानं खायचं? दोन वेळा? अहो, चुरमुरे तेल पिऊन घेतात. शिवाय दाणे. यापेक्षा भाकरी-भाजी, वरण-भात पोटभर जेवलात तरी कमी भरेल." मी विचारलं, "म्हणजे यानं वजन वाढतं?" ती म्हणाली, "वाढणारच की. दुसरं काही न खाता वाढेल."

दुसरं काही न खाता. आई, मी तिथं त्या परक्या मुलीसमोर रडले. तिला वाटलं भडंग सोडावं लागणार म्हणून. ती बिचारी समजूत घालत होती, "सोडायचं नाही हो. आठवड्यातून एकदा एक वाटी घ्या. त्या दिवशी दुपारची एक भाकरी कमी करा. भूक खवळल्यावर नको, जेवणाबरोबर घ्या, काकडीची कोशिंबीर जास्त घ्या. आणि डब्यातून खाऊ नका, वाटीत काढून, बसून खा." एवढंच होतं. एक वाटी, आणि बसून. आता शनिवारी मी तसं खाते आणि वजन हळूहळू उतरतंय. इतकी साधी गोष्ट होती आणि तू त्यासाठी माझं नाव घालवलंस.

आता तू नाहीस, सासूबाई नाहीत. मला चोर समजणारी एकच उरली होती, मावशी. म्हणून परवा तिच्याकडे गेले. ती पलंगावर पाय सोडून लसूण सोलत होती. मी चप्पल काढता काढताच बोलायला सुरुवात केली. तेल, दाणे, गिरणी, सगळं. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय की मला."

"काय ठाऊक आहे?"

"तुज्या आईला साखर निघाली न्हाई का, तुजं लगीन झाल्यावर? तवा ती बी भडंगावर ऱ्हायली. फुगली की! डॉक्टरनं लय झापलं तिला. हितं आली हुती, ह्याच पलंगावर बसली. म्हणली, पोरीनं काय चोरलं न्हवतं गं, म्याच चारत हुते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्या म्हनलं, सांग. तर म्हणली, आता पोर संसाराला लागलीया, कशापायी उकरायचं."

म्हणजे तुला माहीत होतं. त्यानंतरच्या दिवाळीत तू माझ्याकडे राहायला आली होतीस. सासूबाईंनी तुझ्यादेखत चिवड्याचा डबा उचलून आत नेला. तू बघितलंस, मीही बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं. तू पदरानं तोंड पुसलंस आणि उसाला पाणी कधी मिळतंय ते बोलायला लागलीस. चुकीचं चारलंस, ते मी सोडून दिलं असतं. चुरमुऱ्यांबद्दल आपल्याकडे सगळ्यांनाच तसं वाटतं. पण त्या दिवाळीचं गप्प बसणं मी तुला माफ करत नाही. तसं लिहायलाच बसले होते.

हे कुठं पाठवायची सोय नाही ते बरंच आहे, कारण पुढचं तुला कळायला नको. मावशीनं ते सांगितलं तेव्हा राग नंतर आला. आधी मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "ती जशी म्हणाली तस्संच परत म्हण." तुम्हा दोघी बहिणींचा आवाज एकच. मी डोळे मिटून घेतले.